रिकाम्या मनगटाची साक्ष

१

याप आजींच्या डाव्या मनगटावरची हिरव्या जेड दगडाची बांगडी नाहीशी झाली, आणि पहिला संशय आला तो माझ्या बहिणीवर.

मी तेव्हा ‘शांत किनारा’च्या दिवाणखान्यात नुकता पाय ठेवला होता. त्या वृद्धनिवासाला हे नाव कोणी दिलं देव जाणे. किनारा तिथून बराच लांब होता, आणि शांतता कशी आणली जायची ते मला त्याच दिवशी कळलं. दारात ऑर्किडच्या कुंड्या, टेबलावर लाल कागदातल्या गोड गोळ्यांचा वाडगा, फरशी अशी की तोंड बघून घ्यावं. पिनांगमध्ये मी पालथ्या घातलेल्या घरांपैकी हे सगळ्यात नेटकं. म्हणून तर मी अ-चीला दोन-तीन दिवस राहून बघायला तिथं ठेवलं होतं.

अ-ची म्हणजे ताई, माझी थोरली बहीण. आम्हा होक्किएन चिनी लोकांत थोरल्या बहिणीला नावानं हाक मारत नाहीत, आणि आता तर ती स्वतःच आपलं नाव विसरली आहे. आई गेल्यावर हिनंच शिवणयंत्र चालवून मला शिकवलं. मी शिक्षिका झाले, तिची मात्र पाठ वाकली. दोघींनाही संसार नाही, एकमेकींशिवाय कोणी नाही. येत्या सोमवारी माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली होती. मी खाटेवर असताना अ-चीला सांभाळणार कोण, एवढा एकच प्रश्न माझ्यापुढे होता आणि तो मला रात्री झोपू देत नव्हता.

मी आत आले तेव्हा मालकीणबाई, मॅडम बेह, क्वान यिन देवीपुढे उदबत्ती लावत होत्या. संत्र्यांच्या ताटलीखालून डोकावणारं एक लाल पाकीट त्यांनी बोटानं आत सारलं. अशा पाकिटातून पैसे देतात ते नव्या वर्षाला, आणि नवं वर्ष तर केव्हाच होऊन गेलं होतं. ही बाई देवीलाही बक्षिसी देते की काय, असं माझ्या मनात आलं.

“क्वा टीचर! भेटीची वेळ संध्याकाळची असते हो,” त्या वळून म्हणाल्या. “पण बरं झालं आलात. जरा नाजूक गोष्ट आहे.”

नाजूक गोष्ट त्यांच्या मागेच उभी होती, हातात फोन आणि डोळ्यांत अंगार घेऊन. याप आजींची सून जोसलिन. सकाळी कामावर जाताना सासूला बघायला आली, तर मनगट रिकामं.

“साठ वर्षं त्या हातात होती ती, आंटी!” जोसलिन मला म्हणाली. “लग्नात घातलेली. आणि इथले लोक म्हणतात, कुठं गेली माहीत नाही!”

“काल दुपारच्या विश्रांतीपर्यंत होती,” मॅडम बेह म्हणाल्या. “मी स्वतः पाहिली. मग बघा टीचर, तुमची बहीण आजींच्या शेजारच्याच खुर्चीत. सगळे झोपलेले, आणि ही आपली हिंडतेय. मी दोष नाही देत. हा आजारच असा. दिसेल ते उचलतात, खिशात घालतात. तिची पिशवी उघडून दाखवा, सापडली की विषय संपला. पोलीस नको, बोभाटा नको. आणि तिला ठेवून घ्यायलाही माझी ना नाही.”

“आणि नाही सापडली तर?”

“तर मग सुलास्त्री. आजींचं सगळं तीच करते. तिला पुरवणाऱ्या एजंटला फोन केलाय, संध्याकाळी येऊन घेऊन जाईल.”

सुलास्त्री दाराशी उभी होती. जावा बेटावरून आलेली, रुंद खांद्यांची बाई. तिनं मान खाली घातली नाही. सरळ मॅडम बेहकडे बघत होती.

अ-ची खिडकीपाशी बसली होती. पिशवीत निघालं ते एवढंच: दोन झगे, कंगवा, शिवणाची मोजपट्टी. डाव्या हाताची मूठ मात्र तिनं घट्ट आवळली होती आणि बोटांमधून लाल कागद डोकावत होता. मी हात लावायला गेले तर फाडकन चापट बसली.

“गोळी आहे, चिकगू,” सुलास्त्री म्हणाली. मलाय मुलुखात शिक्षकाला असंच म्हणतात. “कालपासून धरून बसल्यात. खात नाहीत, देतही नाहीत.”

“असू दे. एका गोळीनं कोणी श्रीमंत होत नाही,” मॅडम बेह हसल्या. “मग टीचर, आपण असं समजू या का, की तुमच्या बहिणीनं ती कुठंतरी टाकली?”

मुलींच्या शाळेत मी जन्मभर शिस्तीची शिक्षिका होते. भिंतीवरून उड्या मारणाऱ्या, बाकाखाली चिठ्ठ्या सरकवणाऱ्या, रडून दाखवणाऱ्या, सगळ्या माझ्या हाताखालून गेल्या. एक गोष्ट मी शिकले. जी मुलगी विचारायच्या आधीच दुसरीचं नाव सांगते, तिचंच दप्तर आधी उघडायचं.

“माझी बहीण चोर नाही,” मी म्हणाले. “आणि तसं कोणी समजायचंही नाही. एजंट येईपर्यंत वेळ आहे ना? मग मी जरा विचारपूस करते.”

“हे काय पोलीस ठाणं आहे?”

“नाही. पण मी इथं माझी बहीण ठेवणार आहे. घर बघून घ्यायला नको?”

२

याप आजी खाली नव्हत्या. सर्दी झाली म्हणून त्यांना काल संध्याकाळीच माडीवरच्या खोलीत हलवलं होतं. मी काठी टेकत जिना चढले. जोसलिन पाठोपाठ.

“किमती असेल ना?” मी विचारलं.

“एका मोटारीइतकी. तुम्ही नाही घालत, आंटी?”

“घालत होते. सोळाव्या वर्षी सायकलवरून गटारात पडले आणि फुटली. मला खरचटलंसुद्धा नाही. अ-चीनं तुकडे वेचले, लाल कागदात बांधले आणि देव्हाऱ्यात ठेवले. आई मला बदडायला निघाली तर ती मध्ये पडली.”

जोसलिन पायरीवर थांबली. “तुम्हालाही वाटतं ना, की मीच घेतली? खाली त्या बाईनं मघाशी मला टोमणा मारला. म्हणे, सुनेचा डोळा होताच बांगडीवर.”

“होता?”

“होता!” ती उसळून म्हणाली. “का नसेल? इथं ठेवल्यावर कोणी लाटेल म्हणून मागच्या वर्षी मी काढायला गेले. साबण लावला, तेल लावलं. लग्नात सासूबाईंचा हात काडीसारखा होता, आता सांधे सुजून गाठी झाल्यात. निघते कसली! त्या किंचाळल्या, मला कडकडून चावल्या. हाताची साल निघाली, ती बरी व्हायला पंधरा दिवस लागले. हे बघा, दाताची खूण.”

खूण खरंच होती. मला ही सून आवडायला लागली.

खोलीत शिरलो तर उकाड्यानं जीव घाबरा झाला. खिडक्या बंद, पंखा मंद. खालच्या सगळ्या म्हाताऱ्या बिनबाह्यांच्या झग्यात, आणि याप आजींना मात्र गळ्यापर्यंत बटणं लावलेलं, पूर्ण बाह्यांचं लोकरी जाकीट. कपाळावरून घाम ओघळत होता. पण चेहरा प्रसन्न.

“आजी, ओळखलंत का?” मी म्हटलं. तिथं सगळे त्यांना आजीच म्हणत.

“मी वाचले,” त्या म्हणाल्या.

“सकाळपासून हेच चाललंय,” जोसलिन कुजबुजली. “भ्रमिष्टासारखं.”

“मी वाचले गं. बघ, काही झालं नाही मला.”

मी त्यांचा डावा हात हातात घेतला. मनगटाभोवती गोरं वळं, इतक्या वर्षांत ऊन न लागलेली कातडी. त्याच्या पुढे सुजलेल्या सांध्यांचा तो हात. अंगठ्याच्या मुळाशी नाही, बोटांच्या पेरांवर नाही, कुठंही ओरखडा नव्हता, साधी लालीसुद्धा नव्हती.

“जोसलिन, मागच्या वर्षी साल निघाली होती म्हणालीस?”

“हो, इथं. आणि इथं.”

“मग काल कोणी ही ओढून काढली असेल तर हात असा लोण्यासारखा कसा?”

मी जाकिटाची बटणं सोडली आणि बाही वर सारली. कोपरापासून वर, खांद्यापर्यंत, याप आजींचा दंड वांग्यासारखा काळानिळा झाला होता.

३

सुलास्त्री मागच्या अंगणात आपली पिशवी भरत होती. मी तिच्यापुढे उलटी बादली ओढून बसले. गुडघा ठणकत होता आणि डोकं तापलं होतं.

“याप आजी काल कुठं पडल्या?”

“नाही पडल्या, चिकगू.”

“मग दंडाला काय शाई लागली?”

ती पिशवीची चेन ओढत राहिली. चेन अडकली होती.

“हे बघ सुलास्त्री, तू घेतली नाहीस हे मला माहीत आहे.”

“मग मला का विचारता?” ती एकदम कडाडली. “ज्याला माहीत आहे त्याला विचारा! माझा पासपोर्ट मॅडमच्या कपाटात आहे. मी तोंड उघडलं की घरी, नाही उघडलं तरी घरी, वर चोर म्हणून. इतकी वर्षं मी यांची ढुंगणं धुतली, उष्टं काढलं. मी गाठी मारते, पण चोरी करत नाही!”

बोलून गेली आणि तिनं ओठ मिटले.

“कसल्या गाठी?”

ती पिशवी उचलून आत निघून गेली. पण गेलेला बाण परत येतो थोडाच.

मी तडक विश्रांतीच्या दालनात गेले. अ-चीला घेऊन पहिल्या दिवशी आले होते तेव्हा मॅडम बेहनी हे दालन मोठ्या कौतुकानं दाखवलं होतं. लाकडी हातांच्या खुर्च्या ओळीनं मांडलेल्या, भिंतीवर बदकांचं चित्र. “दुपारी आमच्याकडे कोणी जागचं हलत नाही, टीचर,” त्या म्हणाल्या होत्या. “टाचणी पडली तरी ऐकू येईल.” मला ते फार आवडलं होतं, कारण घरी अ-ची दुपारी मला क्षणभर बसू देत नाही. कपाटं उघड, दार वाजव, आईला शोध.

आता मी खुर्च्यांची पुढची बाजू सोडून मागची बघितली. खुर्च्या नव्याच होत्या. सगळीकडे रोगण चकचकीत, पण पाठीच्या पट्ट्यांवर कमरेच्या उंचीला एकेक आडवा पट्टा घासून पांढरा पडलेला. एकूण एक खुर्चीला. पाठ टेकून पुढची बाजू झिजते. मागची बाजू झिजायला तिथून रोज काहीतरी आवळून न्यावं लागतं.

आपले मोडके मेंदू घेऊन बसलेली माणसं दुपारी जागची हलत नाहीत. कशी हलतील?

ओळीतल्या एका खुर्चीचा डावा हात खालपासून चिरला होता आणि तिच्याखाली नवीकोरी रबरी चटई होती. बाकी कुठंच चटई नव्हती. मी तिच्या शेजारच्या खुर्चीकडे बघितलं. तिच्या पाठीला अ-चीचा निळा रुमाल अडकलेला होता.

मी तिथंच बसले. हिच्या कमरेलाही फडकं आवळलं होतं यांनी. जिच्या शिवणयंत्राच्या आवाजात मी लहानाची मोठी झाले, तिला यांनी गोणीसारखी बांधली, आणि मी घरी बसून शस्त्रक्रियेसाठी लागणाऱ्या कपड्यांच्या घड्या घालत होते. मला रडू आलं, पण ते मी मागाहून रडायचं ठरवलं. आधी या बाईचं दप्तर उघडायचं होतं.

आता चोरीचं कोडं सुटलंच होतं म्हणा. पण पुरावा? खुर्ची जुनी, दंड म्हातारपणाचा, सुलास्त्री चोर, आणि माझी बहीण वेडी. मॅडम बेहनी एवढं म्हटलं की झालं. मला ती बांगडी हवी होती. आणि विचार करता करता मला कळलं की ती कुठं आहे ते मी सकाळपासून बघत आले आहे.

४

जेवणाची वेळ झाली होती. दिवाणखान्यात टेबल मांडलं होतं, पेज आणि आल्यातला मासा. मी सुलास्त्रीला सांगून याप आजींना खाली आणवलं, जाकीट काढून. बाकीच्या म्हाताऱ्यांसमोरच बोलायचं मी ठरवलं. त्यांचंच तर घर होतं.

“मॅडम बेह, बांगडी सापडली,” मी म्हणाले.

त्यांच्या हातातला डाव थांबला. “कुठं?”

“सांगते. ती बांगडी त्या हातातून निघतच नाही. गेल्या वर्षी साबण-तेलानं निघाली नाही, साल मात्र निघाली. आज हातावर ओरखडा नाही. म्हणजे ती कोणी काढलेली नाही. मग उरतं काय? ती फुटली. आणि फुटकी बांगडी चोर नेत नाही, तिला कवडीची किंमत येत नाही. म्हणजे इथं चोरी झालेलीच नाही.”

“वा! मग फोडली कोणी?”

“खुर्चीनं. पहिल्या दिवशी तुम्ही मला म्हणालात, दुपारी इथं कोणी जागचं हलत नाही. आज सकाळी म्हणालात, माझी बहीण हिंडत होती. शाळेत अशी दोन उत्तरं आली की मी तिसरं शोधायची. तुम्ही यांना कमरेला फडकं आवळून खुर्चीला बांधता. काल आजी उठायला गेल्या, खुर्चीसकट डाव्या अंगावर कोसळल्या. हात खुर्चीच्या हाताखाली सापडला. मनगट वाचलं, बांगडी गेली. घरच्यांना कळवलं असतं तर डॉक्टर आला असता, कशा पडल्या हा प्रश्न आला असता. म्हणून सर्दी, म्हणून जाकीट, म्हणून चोर.”

जोसलिननं सासूचा दंड बघितला आणि ती पांढरीफटक पडली. “मला म्हणालात, बाहेरच्या बाईवर विश्वास ठेवू नका. आणि मी ठेवला नाही! या सुलास्त्रीला सकाळी नाही नाही ते बोलले मी!”

“सगळं बोलायला सोपं आहे,” मॅडम बेह म्हणाल्या. त्यांचा आवाज अजून स्थिर होता. “फुटली म्हणता ना? मग दाखवा तुकडे.”

“दाखवते. तुकडे सुलास्त्रीनं झाडले असते तर केरात गेले असते, आणि केराची गाडी तर सकाळीच येऊन गेली. मग मी काहीच सिद्ध करू शकले नसते. तिच्या लेखी तो फुटका दगड. पण वेचणारी बाई आपल्यातली असेल तर? आपल्याला आईनं काय शिकवलंय? बांगडी उगीच फुटत नाही. माणसावरचं संकट ती स्वतःवर घेते आणि त्याच्या जागी जाते. तिला केरात टाकायचं नसतं. लाल कागदात गुंडाळून देवापुढे ठेवायचं असतं. याप आजी सकाळपासून ‘मी वाचले’ म्हणतायत. त्यांना भ्रमिष्ट म्हणून कोणी ऐकलं नाही.”

मी काठीनं देव्हाऱ्याकडे बोट केलं.

“त्या संत्र्यांच्या ताटलीखाली लाल पाकीट आहे.”

“ते देवीचं आहे! देव्हाऱ्याला हात लावायचा नाही!”

“मी नाही लावत. तुम्ही लावा. त्यात काही नसेल, तर ते उचला आणि आमच्या देखत या केराच्या बादलीत टाका. टाकलंत की मी तुमची माफी मागेन, इथं सगळ्यांसमोर. माझी बहीणही इथंच राहील.”

मी बादली काठीनं त्यांच्या पायाशी सरकवली.

मॅडम बेह देव्हाऱ्यापाशी गेल्या. पाकीट उचललं. बादलीवर हात धरला. नुसती बोटं सोडायची होती. तसं केलं असतं तर माझ्या तोंडाला कायमचं कुलूप लागलं असतं, आणि हे त्यांनाही कळत होतं. पाकीट बादलीच्या काठाला लागलं. पाकिटातून किणकिण आवाज आला. पण बोटं सुटेनात.

“माझी आई पण असेच तुकडे देवापुढे...” एवढंच त्या म्हणाल्या आणि पाकीट त्यांनी छातीशी धरलं.

जोसलिननं ते त्यांच्या हातातून सोडवून टेबलावर ओतलं. हिरवे गुळगुळीत तुकडे. तिनं ते गोल जुळवत आणले. वर्तुळ होत आलं, पण एका जागी नखाएवढी फट राहिली.

“एक कमी आहे,” ती म्हणाली.

“मी सगळे वेचले होते,” मॅडम बेह पुटपुटल्या. “फरशीवर बसून, एकूण एक.”

तेवढ्यात अ-ची उठली. कोणाकडे न बघता टेबलाला वळसा घालून ती थेट याप आजींपाशी गेली. आजींचा हात तिनं उलटा केला, आपली मूठ उघडली, आणि तो लाल कागद त्यांच्या तळहातावर ठेवून बोटं वरून मिटली. मग त्यांच्या हातावर थोपटलं.

कागदात गोळी नव्हती. हिरवा तुकडा होता. गोळी खाऊन तिनं तिच्याच लाल कागदात तो नीट घडी घालून बांधला होता, सोळाव्या वर्षी माझा बांधला होता तसाच. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी मी सकाळपासून त्या मुठीकडे बघत होते. तुकडा उडून बांधलेल्या तिच्या मांडीवर पडला असणार, आणि काल आजींना माडीवर नेलं, म्हणून तिला तो देता आला नाही. जवळजवळ चोवीस तास तिनं मूठ सोडली नाही. जेवतानाही नाही, झोपेतही नाही.

“हिला चोर म्हणालात तुम्ही,” मी मॅडम बेहना म्हणाले. माझा आवाज फुटला आणि मला त्याची लाज वाटली नाही. “या घरात एवढी एकच बाई होती जी वस्तू जिची तिला परत द्यायला धडपडत होती.”

“बोला, बोला!” त्या आता उसळल्या. “कामाला दोन मुली, आणि सांभाळायची एवढी माणसं. एक संडासात, एक रस्त्यावर, एक गॅसपाशी. तुम्ही या एक दिवस, मग बोला! सगळीकडे बांधतात, टीचर. मी निदान मऊ कापडानं बांधते. आणि तुम्ही घरी काय करता? फाटकाला कुलूप नाही लावत?”

“लावते. पण लावते असं तोंडानं सांगते. तुम्ही ऑर्किड लावता.”

“कुठं न्याल हिला? सोमवारी ऑपरेशन आहे ना? याल परत इथंच!”

“गुडघा लंगडा राहिला तरी चालेल,” मी म्हणाले. “सुलास्त्रीचा पासपोर्ट आणा. आत्ता. मग समाजकल्याण खात्याला फोन कोण लावतंय ते ठरवू, मी की जोसलिन.”

जोसलिननं आधीच फोन कानाला लावला होता. पण तो लागण्याआधी ती सुलास्त्रीपुढे जाऊन वाकली आणि म्हणाली, “चुकले मी.” सुलास्त्रीनं थोडा वेळ तिला तसंच वाकलेलं राहू दिलं. योग्यच केलं.

५

डॉक्टरांनी शस्त्रक्रिया पुढे ढकलताना मला भरपूर सुनावलं. मी ऐकून घेतलं. सुलास्त्री पासपोर्ट घेऊन याप आजींच्या घरी कामाला गेली, पगार स्वतः ठरवून.

मी पुन्हा घरं बघायला लागले. आता कुंड्या बघत नव्हते. भर दुपारी, न सांगता जायची आणि खुर्च्यांच्या पाठी बघायची. एके ठिकाणी दारातूनच परत पाठवलं, एके ठिकाणी मीच परत फिरले. तिसऱ्या ठिकाणी जायला टॅक्सीत बसताना अ-चीनं विचारलं, “कुठं चाललो?”

“घर बघायला.”

“कोणासाठी?”

“तुझ्यासाठी.”

“मला विचारलंस?” ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

नव्हतं विचारलं. तपासनीस म्हणून एवढी मिरवले, पण जिला राहायचं तिची साक्ष काढलीच नव्हती. त्या दिवसापासून मी तिलाच पुढे घातलं.

बालिक पुलाऊच्या डोंगराकडच्या एका घराला रंग उडालेला होता, अंगणात कोंबड्या, आणि फाटकाला मोठं कुलूप. “हे आम्ही लावतो,” दार उघडणारी बाई स्वतःहून म्हणाली. “एक आजोबा हायवेवर जातात. बाकी कुठंही हिंडू दे.” दुपार होती आणि घरात नुसता गोंधळ होता. एक आजोबा फेऱ्या मारत होते, दोघीजणी भांडत लसूण सोलत होत्या. अ-ची एका खुर्चीत बसली, उठली, दुसरीत बसली, पुन्हा उठली. कोणी तिला “बसा” म्हणालं नाही.

मग जेवण आलं. आमच्यात धाकट्यानं टेबलाशी बसलेल्या प्रत्येक मोठ्याला नात्यानं हाक मारून जेवायला बोलवायचं असतं. त्याआधी घास घ्यायचा नाही. ‘शांत किनारा’त पहिल्याच दिवशी अ-ची हाका मारायला लागली तेव्हा, एवढा वेळ नसतो म्हणून त्यांनी तिच्या तोंडात चमचा घातला होता, आणि तिनं तो थुंकला होता. इथंही ती टेबलाशी उभी राहिली. एकेकाकडे बघून म्हणायला लागली, “काका, जेवा. मावशी, जेवा. आजोबा, जेवा.” एकाला दोनदा बोलावलं, एकीला विसरून परत आली. पेज निवत होती. स्वयंपाकीणबाई पळी हातात धरून उभीच राहिली. कोणी चमचा उचलला नाही.

सगळे संपल्यावर अ-ची माझ्याकडे वळली. मी धाकटी. धाकट्यांना बोलावत नाहीत. तिनं मला नीट निरखलं, माझे पिकलेले केस, माझी काठी, आणि मान आदरानं झुकवली.

“अ-ची, जेव,” ती मला म्हणाली.

मी तिची थोरली बहीण नव्हते. ते नातं तिचं होतं, जन्मभर तिनंच पेललेलं. पण मी ते नाकारलं नाही. मी चमचा उचलला.

“हो गं,” मी म्हणाले. “तूही बस. मी आहे.”